साउथ आफ्रिकन ब्लॅक : शेतीसाठी घडवलेलं शहामृग

शहामृग म्हटलं की आपल्याकडे अनेकांना इमू आठवतो. पण दोन्ही पक्षी वेगळे. इमू ऑस्ट्रेलियाचा, पायाला तीन बोटं, अंडं गडद हिरवं. शहामृग आफ्रिकेचं, पायाला दोनच बोटं, अंडं मलईच्या रंगाचं. जगभर शेतीसाठी जी शहामृगं पाळतात, त्यात 'साउथ आफ्रिकन ब्लॅक' ही जात प्रमुख आहे.

जात कशी तयार झाली?
दक्षिण आफ्रिकेत औट्सहूर्न गावाभोवतीच्या कोरड्या लिटल कारू भागात 1860च्या दशकात शेतकऱ्यांनी जंगली शहामृगं पाळायला सुरुवात केली. आर्थर डग्लस यांनी 1869 मध्ये अंडी उबवायचं यंत्र वापरात आणलं. तारेचं कुंपण आणि लसूणघास यांमुळे धंदा वाढला. दाट पिसांसाठी 1911 मध्ये नायजेरियाकडे खास मोहीम पाठवून उत्तर आफ्रिकी शहामृगं आणली आणि स्थानिक पक्ष्यांशी संकर केला. त्यातून ही बुटकी, त्यातल्या त्यात शांत स्वभावाची जात पक्की झाली. नर काळा, पंखांची पिसं पांढरी, मादी करडी-तपकिरी.

उत्पन्न कशातून?
कातडं, मांस आणि पिसं. कातड्यावर पिसांच्या मुळांचे उठावदार ठिपके असतात, त्यालाच भाव. मांस लाल, चरबी कमी. साधारण वर्षभराचा पक्षी कत्तलीला जातो. अंड्याचं वजन सुमारे दीड किलो, उबवायला 42 दिवस लागतात. पिल्लांची मरतूक मात्र जास्त असते.

तेजी आणि आपटी
1913 मध्ये सोनं, हिरे आणि लोकरीनंतर पिसं ही दक्षिण आफ्रिकेची चौथ्या क्रमांकाची निर्यात होती. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं, पिसांच्या टोप्यांची फॅशनही गेली आणि बाजार कोसळला. पिसांच्या पैशातून बंगले बांधणारे कर्जबाजारी झाले. 1945 मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, 1960च्या दशकात कत्तलखाना उभा राहिला, तेव्हा कुठे धंदा सावरला.

आपल्यासाठी हिशेब
महाराष्ट्र, आंध्र आणि तमिळनाडूत इमूपालन असंच फुगलं आणि 2012च्या सुमारास बसलं. बराचसा पैसा पिल्लं विकण्यात होता, मांस-तेलाला गिऱ्हाईक नव्हतं. उद्या कुणी शहामृगाची जोडी घेऊन दारात आला, तर पिल्लाचा भाव नंतर विचारा. आधी विचारा, कत्तलखाना कुठे आहे आणि कातडं कोण घेणार?