रुळांखालचा गोंद: पक्का नको, सुटणारा हवा

पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. तिथे सगळे इंजिनाकडे बघतात. आज आपण बघूया रुळांखाली. हे छोटे रूळ चिकटवतात कशाने?

अमेरिकेतले जुने हौशी लोक रूळ चिकटवत नसत, ठोकत. लाकडाचे चिमुकले स्लीपर, त्यात इवले खिळे, आणि खाली होमासोट, म्हणजे कागदाच्या लगद्याचा दाबून केलेला बोर्ड. खिळा त्यात सहज शिरतो आणि धरूनही राहतो. मांडणी बदलायची? खिळा उपटा. म्हणजे ‘अनडू’ची सोय पहिल्यापासून होती!

मग आला पांढरा गोंद. त्याचं मूळ रसायन, पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट, जर्मनीत फ्रिट्झ क्लाटेने 1912 मध्ये शोधलं. अमेरिकेत घराघरांत हा गोंद पोचवला बोर्डन नावाच्या चक्क दूधवाल्या कंपनीने. दुधातल्या केसीनपासून गोंद बनतो, त्यामुळे ती आधीच या धंद्यात होती. 1947 मध्ये तिचा पांढरा गोंद आला आणि 1951 मध्ये त्याला ‘एल्मर्स’ हे नाव मिळालं. एल्मर कोण? कंपनीच्या जाहिरातीतल्या एल्सी गाईचा नवरा! (आपलं फेविकॉल आलं 1959 मध्ये, त्याच कुळातलं.)

हौशी मंडळींनी या गोंदात पाणी घातलं. रुळांमध्ये बारीक खडी पसरायची, त्यावर थेंबभर भांड्याचा साबण घातलेलं पाणी फवारायचं आणि ड्रॉपरने पातळ गोंद सोडायचा. साबण कशाला? पाण्याचा पृष्ठताण मोडायला. नाहीतर थेंब गोळा होऊन खडी विस्कटतो. आणि खरी गंमत पुढे आहे. वाळलेला गोंद पाणी टाकून भिजवला की मऊ पडतो. पातळ पट्टी सरकवून रूळ अख्खा उचलता येतो.

मग सुपरग्लू का नाही? हॅरी कूव्हरला ते रसायन 1942 मध्ये सापडलं, पण सगळ्यालाच चिकटतं म्हणून बाजूला पडलं. 1951 मध्ये त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेलं आणि 1958 मध्ये ते बाजारात आलं. रुळांसाठी त्याचा ‘गुण’च नडतो. काही सेकंदांत घट्ट बसतं, मग वळण मिलिमीटरभर चुकलं तरी सरकवायचं कसं? एचओ मापात दोन रुळांमधलं अंतरच 16.5 मिलिमीटर. तेवढ्या चुकीने डबा घसरतो.

पांढऱ्या गोंदाचीही एक खोड आहे. तो कडक वाळतो. रुळांखाली कॉर्कची पट्टी घालतात ती आवाज दबावा म्हणून, पण खडी आणि गोंदाची मिळून फरशी झाली की चाकांचा खडखडाट थेट खालच्या प्लायवूडमध्ये उतरतो. शिवाय पाया फोमचा असेल तर मधलं पाणी उडायला जागाच नसते, गोंद दिवसेंदिवस ओला राहतो. सॉल्व्हंटवाला गोंद वापरावा तर थर्माकोलच्या जातीचा फोम विरघळून खड्डा पडतो.

म्हणून आज बरेच जण खिडक्यांच्या फटी बुजवायचं अ‍ॅक्रिलिक सीलंट घेतात. कागदाइतका पातळ थर, वर रूळ, त्यावर रात्रभर वजन. सरळ करायला काही मिनिटं मिळतात आणि वाळल्यावरही ते रबरासारखं लवचीक राहतं. माझं मत विचाराल तर रूळ सीलंटवर, खडी पातळ पांढऱ्या गोंदात, आणि सांधे बदलायच्या जागी, म्हणजे टर्नआउटखाली, गोंदाचा थेंबही नको. तिथली हलणारी पाती एकदा चिकटली की संपलं!