चहाच्या आधीचं पानक



थंडी पडली की दुकानात 'फ्रूट टी'ची खोकी दिसू लागतात. वाळलेली फळं, दालचिनी, लवंग, वर परदेशी चित्र. आपल्याला वाटतं, हे काहीतरी नवं आणि बाहेरचं. आपला तो दुधाचा चहा. इतिहास मात्र उलटं सांगतो.

श्वेतांबर आगमांमधल्या आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात साधू-साध्वींच्या आहाराचे नियम आहेत. तिथे फळांच्या पानकांची यादीच येते: आंबा, कवठ, महाळुंग, द्राक्ष, डाळिंब, खजूर, नारळ, बोर, आवळा, चिंच. हे आगम वलभीच्या वाचनेत, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, ग्रंथारूढ झाले. म्हणजे निदान तेव्हापासून तरी श्रावकांच्या घरी अशी पेयं होत होती. त्याशिवाय त्यांच्यासाठी नियम कशाला लागला असता?

नियम बारकाईचा आहे. पानकात बी, साल किंवा आठळीचा अंश असेल आणि गृहस्थाने ते साधूसाठी म्हणून मुद्दाम पिळून, गाळून दिलं, तर ते घेऊ नये. बी म्हणजे जीव, आणि आपल्यासाठी कुणाच्या घरी वेगळा आरंभ होऊ नये, ही त्यामागची दृष्टी. म्हणून आपण आजही घरच्यांसाठी केलेल्यातलंच वहोरावतो.

आता चहाचं बघा. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला १८३९ साली. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य आलं. वाद चहाच्या पानांचा नव्हता, कुणाच्या हातचा घेतला याचा होता. तरीही तो काही रोजच्या चुलीवरचा पदार्थ नव्हता. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला, त्या पैशातून प्रचार झाला, आणि १९३० च्या मंदीत परदेशात भाव पडल्यावर मळेवाल्यांनी आपल्याच लोकांकडे मोर्चा वळवला. गावोगाव चहा करून दाखवला, फुकट पाजला. आज 'चहाशिवाय सकाळ होत नाही' असं आपण म्हणतो, ती सवय अशी लावलेली आहे.

तिची किंमत उपवासाच्या दिवशी कळते. पर्युषणात कितीजणींचं डोकं भुकेनं नव्हे, चहा चुकल्यानं धरतं! तप सोसवतं, चहा सुटत नाही.

म्हणून या हिवाळ्यात संध्याकाळचा एक कप बदलून बघा. फाल्गुन चौमासीपासून अनेक घरांत बंद असलेला खजूर कार्तिकी चौमासीनंतर पुन्हा डब्यात येतो, तोच घ्यायचा.

चार कपांसाठी पाच कप गाळलेलं पाणी. चार खजूर उभे चिरून, आत नीट बघून, बिया काढून टाका. पंधरा काळ्या मनुका, बिया असतील तर त्याही काढा. आवळकाठीचे चार-पाच तुकडे, बोटभर दालचिनी, चार लवंगा, सहा मिरी. सगळं मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळा, चार कप उरेल. शेवटी अर्धा चमचा सुंठ घाला, दोन मिनिटं झाका आणि स्वच्छ कापडातून गाळा. आवळा आंबट, खजूर गोड. साखर लागत नाही. फार आंबट वाटलं तर गुळाचा खडा.

बाहेरच्या कृतींत आलं आणि मध हमखास असतो. आलं ओला कंद, अनंतकाय. मध तर महाविगयच. सुंठ वाळलेली म्हणून बहुतेक घरांत चालते. तुमच्याकडे तिचाही त्याग असेल तर दोन मिरी वाढवा, चवीत कमी पडणार नाही.

हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो. चोविहार असेल तर साडेचारलाच पातेलं ठेवा, म्हणजे घाईत पचखाण घ्यावं लागणार नाही. आणि सासूबाईंनी विचारलं, 'हे काय नवीन?' तर सांगा, नवीन तो चहा; हे पानक आपल्या आगमाच्या यादीतलं आहे.