नाताळचे तोरण

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असा कार्यवाह भगिनींचा आग्रह झाला. पाककृती किंवा विणकाम सोडून इतिहासावर लिहिण्याचे धाडस मी करीत आहे, त्याला एक कारण घडले.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या घरच्या काकू आपल्या मंडळाच्याही सभासद आहेत. काही वर्षांपूर्वी 24 डिसेंबरला सकाळी त्या आमच्या परसातल्या आंब्याचे टहाळे मागायला आल्या. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "काकू, तुमच्यात तोरण चालतं होय?" काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, माझी आजेसासू इथलीच की. दसऱ्याला तोरण बांधायची, ते हात नाताळाला काय वेगळे होणार?" त्या टहाळे घेऊन गेल्या, मला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहिली. इतक्या वर्षांचा शेजार, आणि एका वाक्यात मी त्यांना परके करून टाकले! पुढे करवीर नगर वाचन मंदिरातून लेकीकडून पुस्तके आणवून वाचली. त्यातले जे उमगले ते भगिनींपुढे ठेवते.

'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ जन्म. दाराला माळा लावण्याची रीत मात्र येशूच्या जन्माहूनही जुनी. रोमन लोक आपल्या सणांना दाराला हिरवी पाने बांधीत व दिवे लावीत. ख्रिस्ती झालेले लोकही तसेच करीत, म्हणून इ. स. 200 च्या सुमारास टर्टुलियन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने त्यांना चांगलेच रागे भरले. म्हणजे 'आपल्यात हे चालते का?' हा प्रश्न माझ्याआधी अठराशे वर्षे विचारला गेला आहे!

त्याचे उत्तर पुढे पोप ग्रेगरी यांनी दिले. इ. स. 601 मध्ये इंग्लंडात धर्मप्रसारासाठी निघालेल्या मंडळींना त्यांनी कळविले की, लोकांची जुनी देवळे पाडू नका, त्यांचीच प्रार्थनामंदिरे करा. आणि सणाच्या दिवशी लोकांना झाडांच्या फांद्यांचे मांडव घालून आनंद करू द्या. किती समंजस विचार हा!

सर्वांनाच तो पटला असे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे 1659 साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरला. तो कायदा 1681 मध्ये रद्द झाला. पण नाताळची सुट्टी मिळायला त्या प्रांतात 1856 साल उजाडले. न्यू इंग्लंड म्हणतात त्या त्या भागात जुन्या वळणाची धर्मनिष्ठ माणसे सजावटीला फार मान देत नसत.

आता आपल्या गावाकडे येऊ. कोल्हापुरात 1852 साली रेव्हरंड रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी आले. न्यू शाहूपुरीतले वायल्डर मेमोरियल चर्च आपण जाता येता पाहतो, ते त्यांच्याच नावाचे. त्यांचा पुत्र रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरातच जन्मला व पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या धर्मप्रसार चळवळीत नावारूपाला आला. हे वायल्डरसाहेब व्हरमाँटचे, म्हणजे त्याच न्यू इंग्लंडमधले. तेव्हा माझ्या अल्पमतीला असे वाटते की, टहाळ्यांची नि फुलांची माळ काही साहेबांनी पेटीतून आणलेली नाही. सुईदोरा इथल्या बायकांच्या हाती आधीच होता. देव बदलला, पण उंबरठा तोच राहिला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांचा कटाक्ष हाच होता, की धर्म बदलला म्हणून मराठीपण सोडायचे नाही. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणले. काकूंच्या घरी नाताळाला करंज्या, शंकरपाळ्या होतात, दारात रांगोळी असते, आणि वर कागदी चांदणी व झुरमुळ्या. हे सारे त्याच वाटेवरचे.

एक गंमत सांगते. आपण दसऱ्याला ज्या झेंडूवाचून तोरण करीत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा! पोर्तुगिजांच्या व्यापारातून तो इकडे आला असे मानतात. तिकडचे फूल आपल्या दसऱ्याला लागते, मग इकडचा आंबा त्यांच्या नाताळाला लागला तर नवल ते काय?

अलीकडे बाजारात प्लॅस्टिकच्या तयार माळा मिळतात. त्या वर्षानुवर्षे टिकतात खऱ्या. पण त्यांच्यासाठी कुणी शेजारणीकडे टहाळे मागायला जात नाही. आता 24 डिसेंबरला मीच सकाळी टहाळे तोडून काकूंकडे जाते. त्या शेवंती नि झेंडू निवडतात, मी ओवते. दुपारपर्यंत चौकट भरते.

त्या दिवशीच्या प्रश्नाबद्दल मी त्यांच्याशी कधी बोलले नाही. ही स्मरणिका त्यांच्याही घरी जाईल. काकू, तेवढे पोटात घाला. आणि भगिनींनो, यंदाच्या नाताळाला आपणही या. दोरा मी आणीन.