वैद्यकीचे तीन उंबरठे

परवा चकल्या तळताना धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या वेळी 'नीट' होती का हो?" मला हसू आले, पण मन पुण्यातल्या जुन्या उंबरठ्यांकडे वळले.

माझे वडील मॅट्रिक होऊन ससूनशेजारच्या बी. जे. मेडिकल स्कूलमध्ये गेले आणि पदविका घेऊन डॉक्टर झाले. १९४६ साली भोर समितीने सुचवले, की यापुढे डॉक्टर पदवीधरच असावा. त्याच वर्षी या स्कूलचे कॉलेज झाले. मग मॅट्रिकनंतर आधी सायन्स कॉलेजात दोन वर्षे काढावी लागत. निराळी प्रवेशपरीक्षा नव्हती. इंटरचे गुण हीच चाळणी. १९५६ साली तिच्यातून मी थोडक्यात खाली गळलो. वडील एवढेच म्हणाले, "आमच्या वेळी ही चाळणी असती, तर मीही गळलो असतो रे!"

आज बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवेच. पण २०१६ पासून निवड ठरते ती 'नीट'च्या ७२० गुणांवर. त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे.

नातीची परीक्षा मे महिन्यात आहे. वडिलांची जुनी नळी मी पुसून ठेवली आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी ती मांडीन. तिला मात्र काही सांगणार नाही.