देवलांची तार आणि पॅचमधलं शिखर

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. गळा अब्दुल करीम खाँसाहेबांचा, मोजायला ताणलेली तार. पद्धत थोडक्यात अशी: स्वर लागला की तार त्याच्याशी जुळेपर्यंत तिची लांबी कमी-जास्त करायची आणि मग ती लांबी मोजायची.

यातली बारीक गोष्ट बघा. ९० सेंटीमीटरच्या तारेवर षड्ज धरला, तर ९/८ चा रिषभ ८० वर येतो आणि १०/९ चा ८१ वर. पूर्ण एक सेंटीमीटर, साध्या पट्टीनेही दिसेल! आता तेच प्युअर डेटामध्ये करा. षड्ज २४० हर्ट्झ असेल तर या दोन रिषभांत जेमतेम ३.३ हर्ट्झचं अंतर. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १०२४ नमुन्यांची खिडकी घेतली, तर वर्णपटाचे रकाने ४३ हर्ट्झच्या अंतराने पडतात. दोन्ही रिषभ एकाच रकान्यात. शेजारच्या रकान्यांवरून शिखराची नेमकी जागा काढता येते म्हणा, पण त्यासाठी स्वर स्थिर हवा.

तो स्थिर कधी आहे, हे कोण सांगणार? आपण सहसा आवाजाच्या पातळीला विचारतो: पातळी शिखराला पोचली की स्वर नोंदव. त्यातही घोटाळा आहेच. प्युअर डेटातलं ‘एन्व्ह’ म्हणजे पीक मीटर नव्हे. ते खिडकीतली आरएमएस पातळी देतं, त्यामुळे १ उंचीच्या साइन लहरीला १०० नाही, ९७ डेसिबल दाखवतं. खरं शिखर हवं तर प्रत्येक नमुन्याचं ऋण चिन्ह काढून आतापर्यंतचा सर्वांत मोठा जपावा लागतो. आणि एवढं करूनही, मींडेत आवाज वाटेवरच सर्वांत मोठा होऊ शकतो. देवलांकडे हे ठरवायला कान होता. पॅचला आपण एक आकडा देतो आणि प्रबंधात तो लिहायचा विसरतो.

मुलकी सेवेतले ई. क्लेमेंट्स देवलांच्या बाजूने उभे राहिले. १९११ साली साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया निघाली, श्रुती-हार्मोनियमही तयार झाला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावरून वाद झाला. भातखंड्यांना हा हिशोब पटला नव्हता. मला त्या वादात गुणोत्तरांपेक्षा वेगळाच प्रश्न मोठा वाटतो: खाँसाहेबांच्या हलत्या रिषभातला कोणता क्षण तारेवर उतरला?