भुयार आणि द्वारपाल

संगणकात खासगीपणाची सोय मुळातच असताना वर आणखी व्हीपीएन कशासाठी घ्यावे, आणि घ्यायचेच तर कोणते, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जातो. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते: कुलुपे जितकी अधिक, तितके घर सुरक्षित. परंतु या दोन्ही साधनांचा इतिहास पाहिला म्हणजे निराळेच उत्तर हाती येते. प्रत्येक कुलपाची किल्ली कोणाच्या ना कोणाच्या हाती असतेच. ती कोणाच्या हाती द्यावी, हाच खरा प्रश्न होय.

श्रोतेहो, प्रथम टपालाचे उदाहरण घेऊ. लखोटा मोहोरबंद असला तरी वरचा पत्ता टपालवाल्याला वाचावाच लागतो. इंटरनेटचेही तसेच आहे. संकेतस्थळाशी चाललेले आपले बोलणे आता बहुधा सांकेतिक रूपात, म्हणजे मोहोरबंद असते. तथापि आपण कोणाच्या दारी गेलो, हे जोडणी पुरविणाऱ्या कंपनीला दिसू शकते. एखाद्याने रात्री कर्करोगाच्या रुग्णालयाचे अथवा घटस्फोटाचे खटले चालविणाऱ्या वकिलाचे संकेतस्थळ उघडले, तर आतला मजकूर न वाचताही नुसत्या नावावरून बरेच काही कळून येते. तेव्हा हा प्रश्न केवळ गुन्हेगारांचा वा हेरांचा नव्हे; तो साध्या संसारी माणसाचाही आहे.

व्हीपीएन मात्र या संसारी माणसासाठी जन्माला आले नाही. दूरच्या शाखा जोडण्यासाठी स्वतंत्र तारा भाड्याने घेणे कंपन्यांना फार महाग पडे. त्याऐवजी सार्वजनिक इंटरनेटमधूनच एक सांकेतिक भुयार काढावे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुढे आली. मायक्रोसॉफ्टमधील गुरदीपसिंग पॉल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये पीपीटीपी नावाची पद्धत सिद्ध केली. नावातला ‘खासगी’ हा शब्द कार्यालयाच्या खासगी जाळ्याला उद्देशून होता. भुयाराच्या दुसऱ्या टोकाला आपलीच कचेरी असल्यामुळे तेथील द्वारपालावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

ही पद्धत विंडोजमध्ये अंगभूत आली आणि हाताशी असल्यामुळेच सर्वत्र पसरली. परंतु १९९८ मध्येच ब्रूस श्नायर आणि ‘मज’ या नावाने ओळखले जाणारे संशोधक यांनी मायक्रोसॉफ्टच्या रचनेतील गंभीर दोष दाखवून दिले. पुढे २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक व डेव्हिड हल्टन यांनी तिचे प्रवेशाचे कुलूप एका दिवसाच्या आत उघडता येते, हे सिद्ध केले. ॲपलने आपल्या संगणकांतून व फोनांतून ही सोय काढून टाकली ती २०१६ मध्ये. दोष उघड झाल्यावर तब्बल अठरा वर्षांनी! जे यंत्रासोबत आले ते निर्धोकच असले पाहिजे, हा समज येथे खोटा ठरला.

मध्यंतरी दुसरी एक परंपरा उभी राहत होती. जेम्स योनान यांनी २००१ मध्ये ओपनव्हीपीएन प्रसिद्ध केले. जेसन डोनेनफेल्ड यांचे वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. दोहोंचीही घडण कोणालाही तपासता येते. वायरगार्डचा मूळ मजकूर तर सुमारे चार हजार ओळींचाच असल्यामुळे जाणत्या माणसाला तो नजरेखालून घालणे शक्य होते. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या पाळतीची कागदपत्रे उघड केल्यावर सामान्य लोकांचे लक्ष या विषयाकडे वळले आणि व्हीपीएन ही घरगुती वस्तू होऊ लागली. परंतु आता भुयाराच्या दुसऱ्या टोकाला आपली कचेरी राहिली नव्हती. तेथे एक अनोळखी व्यापारी बसला होता. जोडणी देणाऱ्या कंपनीपासून जे लपले, ते या व्यापाऱ्यापुढे उघडे झाले.

संगणक घडविणाऱ्यांनीही स्वतःच्या सोयी करण्यास प्रारंभ केला. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ पासूनची. तिच्यातील विचारणा उघड्या कार्डासारख्या जात. त्या मोहोरबंद करण्याची एक पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाली आणि विंडोज ११ मध्ये ती अंगभूत आली. ॲपलने २०२१ मध्ये ‘प्रायव्हेट रिले’ ही सशुल्क सोय आणली. तिची मूळ कल्पना जुनी आहे. पाठविणारा व घेणारा यांची सांगड मधल्या कोणाला लागू नये, यासाठी डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्येच एक रचना मांडली होती. ॲपलच्या योजनेत द्वारपाल दोन असतात. पहिला ॲपलचा, आपण कोण हे त्याला दिसते, पण कोठे चाललो हे दिसत नाही. दुसरा निराळ्या कंपनीचा. कोठे चाललो हे त्याला कळते, पण आपण कोण हे कळत नाही.

मग हे दोन्ही एकत्र वापरले तर सुरक्षितता दुप्पट होईल काय? नाही. प्रायव्हेट रिले मुख्यतः सफारी या ब्राउझरपुरते काम करते, आणि जी वाहतूक व्हीपीएनच्या भुयारातून जाते तिला त्याचा लाभ मिळत नाही. म्हणजे व्हीपीएन सुरू करताच दोन द्वारपालांची जागा एकच द्वारपाल घेतो, आणि त्याला दोन्ही गोष्टी कळू शकतात.

याहून विलक्षण म्हणजे अंगभूत सोय आणि व्हीपीएन यांचे परस्परांशी वाकडे येते तेव्हाचे प्रसंग. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये उत्तर लवकर मिळावे म्हणून नावांची विचारणा एकाच वेळी सर्व मार्गांनी केली जाई. त्यामुळे भुयार असतानाही ती बाहेर फुटत असे. २०२० मध्ये मॅकच्या बिग सर या आवृत्तीत ॲपलचे काही कार्यक्रम विशिष्ट प्रकारच्या पहारेकऱ्यांना व व्हीपीएनना वगळून जात; टीका झाल्यावर पुढील वर्षी ही सवलत मागे घेण्यात आली. मे २०२४ मध्ये ‘टनेलव्हिजन’ नावाची युक्ती प्रसिद्ध झाली. आपण ज्या जाळ्याला जोडलेले असतो, ते यंत्राला मार्ग सुचवू शकते. २००२ च्या त्या निरुपद्रवी तरतुदीचा दुरुपयोग करून वाहतूक भुयाराबाहेर वळविता येते, आणि पडद्यावर मात्र ‘जोडलेले आहे’ हीच अक्षरे दिसत राहतात! ॲन्ड्रॉइडमध्ये ती तरतूदच नसल्यामुळे तो बचावला.

आपल्या देशातही हा विषय कायद्याच्या कक्षेत आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते व त्यांना दिलेले अंकी पत्ते पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश काढला. गुन्ह्याच्या तपासासाठी हे हवे, असे सरकारचे म्हणणे. नोंदी न ठेवणे हाच आमचा धर्म, असे कंपन्यांचे म्हणणे. त्याच वर्षी अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर उचलले. किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न येथे नागरिक, व्यापारी आणि राज्यसंस्था अशा तिघांमध्ये उभा आहे.

या इतिहासातून निवडीच्या कसोट्या आपोआप निघतात. पीपीटीपीवर चालणारे व्हीपीएन घेऊ नये. ओपनव्हीपीएन, वायरगार्ड यांसारख्या तपासलेल्या पद्धती असाव्यात. भुयार तुटताच सारी वाहतूक थांबविण्याची तरतूद हवी. नावांची विचारणाही भुयारातूनच जाते ना, हे जोडणी झाल्यावर आणि संगणकाची आवृत्ती बदलल्यावर पुन्हा पडताळून पाहावे. कंपनीचा मालक कोण, ती कोठल्या कायद्याखाली येते, कोणत्या नोंदी ठेवते आणि त्रयस्थाकडून तिची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. फुकट देणाऱ्याचा खर्च कोठून भागतो, हेही विचारावे.

आणि सर्वांत आधी आपली गरज ठरवावी. कचेरीच्या कामासाठी कचेरीचेच व्हीपीएन योग्य. परक्या जाळ्यावर सर्वच कार्यक्रमांची वाहतूक झाकायची असेल, तर विश्वासू कंपनीचे भुयार उपयोगी पडेल. घरी केवळ वाचन करायचे असेल, तर अंगभूत सोय पुष्कळदा पुरते. आपले नाव सांगून ज्या दारात शिरलो, त्या घरच्या माणसापासून मात्र यांतले एकही साधन आपल्याला लपवू शकत नाही.