दिनविशेष : २९ मार्च
शहरातलं शेतीचं कॉलेज

१९६८ : संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र कृषी विद्यापीठाची स्थापना. पुढे राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी अशी चार विद्यापीठे झाली. राहुरीच्या विद्यापीठाला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि पुण्याचे कृषी महाविद्यालय त्याच्या छत्राखाली आले.

हे महाविद्यालय मात्र विद्यापीठाहून कितीतरी वडीलधारे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८७९ मध्ये शेतीचे वर्ग सुरू झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचे स्वतंत्र महाविद्यालय झाले. सुरुवातीच्या काळातले प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी केली. १७७१ मध्ये तिथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती सातावर आली होती. वाटण्या होत होत शेत बांधांतच संपत चालले होते. आज त्या गावात शेताऐवजी सोसायट्यांचे मजले मोजावे लागतात.

शिवाजीनगरला कॉलेजभोवती शहर वाढत गेले, तरी वर्गातल्या धड्यांची परीक्षा शिवारातच होते. कुकडी नदीवरच्या येडगाव धरणातून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत पाणी नेतो. शेजारच्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरतात. पाणी किती द्यायचे, फवारणी कधी करायची, हे तिथला शेतकरी रोज ठरवतो. त्याचे गणित चुकले, तर गुण नव्हे, हंगाम जातो.